कोरियन विद्यार्थ्याला इंग्रजी पॅसिव्ह शिकवताना

कोरियन विद्यार्थ्याच्या एकाच निबंधात ही दोन वाक्यं शेजारीशेजारी सापडतात: ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ आणि ‘धिस फोटो टुक लास्ट इयर’. नको तिथे पॅसिव्ह घातला आणि हवा तिथे गाळला. शिकवणारा मग फळ्यावर ‘बी अधिक क्रियापदाचं तिसरं रूप’ हे सूत्र पुन्हा एकदा लिहितो. त्याचा काही उपयोग होत नाही, कारण सूत्र विद्यार्थ्याला तोंडपाठच असतं. कोरियन शाळांत त्याला ‘बीदोंगसा प्लस फीफी’ म्हणतात. बीदोंगसा म्हणजे बी हे क्रियापद, फीफी म्हणजे पी.पी., तेच तिसरं रूप. ‘डू-डिड-डन’चे तक्ते तर लहानपणीच घोकून झालेले असतात. रूप बनवताना तो अडत नाही. ते कोणत्या क्रियापदाला लावायचं आणि कोणत्या नाही, इथे अडतो. आणि हा निर्णय तो नकळत कोरियन क्रियापदाच्या शेवटाकडे बघून घेतो. त्यामुळे शिकवणाऱ्याला कोरियन बोलता आलं नाही तरी चालेल, पण क्रियापदांचे ते शेवट ओळखता आले पाहिजेत.

मराठी शिक्षकासाठी एक सावधगिरी. ‘रामाने पत्र लिहिलं’ हा आपल्याकडे कर्मणी प्रयोग, पण त्याचं इंग्रजी सरळ ॲक्टिव्ह होतं. म्हणून वर्गात ‘कर्मणी’ हा शब्द डोक्यातून काढून टाकलेला बरा. इथेही तो वापरलेला नाही.

कोरियनमध्ये पॅसिव्ह कुठे बसतो

इंग्रजी पॅसिव्हला वेगळं सहायक क्रियापद लागतं. कोरियनमध्ये तो क्रियापदालाच चिकटतो, आणि त्याच्या मुख्य चार तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा इ, ही, री, गी या प्रत्ययांची. बोदा म्हणजे पाहणे, बोइदा म्हणजे दिसणे. जाप्ता पकडणे, जाफिदा पकडलं जाणे. मुल्दा चावणे, मुल्लिदा चावलं जाणे. आन्ता मिठीत घेणे, आन्गिदा मिठीत घेतलं जाणे. कोणत्या धातूला चारांतला कोणता प्रत्यय, हे बरंचसं पाठच करावं लागतं, आणि पुष्कळ सकर्मक धातूंना यातला एकही लागत नाही. भरीस भर म्हणजे हेच चार प्रत्यय प्रयोजकासाठीही वापरतात. म्हणून बोइदाचा अर्थ ‘दिसणे’ही होतो आणि ‘दाखवणे’ही.

दुसरी तऱ्हा जिदाची. मान्दुल्दा बनवणे, मान्दुरॉजिदा बनवलं जाणे. पण हाच जिदा विशेषणालाही लागतो आणि तिथे ‘तसं होत जाणे’ एवढाच अर्थ देतो. शिवाय साराजिदा म्हणजे नाहीसं होणे, त्तॉरॉजिदा म्हणजे पडणे, अशा साध्या अकर्मक क्रियापदांचा शेवटही तोच.

तिसरी तऱ्हा द्वेदाची, आणि ती मराठी माणसाला लगेच कळते, कारण ती आपल्या ‘करणे–होणे’ जोडीसारखी आहे. सायोंगहादा म्हणजे वापर करणे, सायोंगद्वेदा म्हणजे वापर होणे. चिनी मुळाच्या नामांना हे लागतं, आणि बातम्या, अहवाल, कार्यालयीन पत्रं अशा लेखनात पानोपानी दिसतं.

चौथी तऱ्हा बात्ता आणि दांगहादाची. बात्ता म्हणजे मिळणे: छिंगछानबात्ता, कौतुक होणे. दांगहादा म्हणजे सोसावं लागणे: हेगोदांगहादा, नोकरीवरून काढलं जाणे. दांगहादा जवळपास नेहमी वाईटासाठीच येतो.

या चारही तऱ्हांना कोरियन विद्यार्थी ‘पॅसिव्ह’ या एकाच खणात टाकतो, कारण शाळेत इंग्रजी पॅसिव्हचा अर्थ लावताना त्याला द्वेदा, जिदा, दांगहादा हेच पर्याय दिलेले असतात. उलट दिशेनेही तो मग तसाच जातो: शेवटी द्वेदा किंवा जिदा दिसला की इंग्रजीत ‘वॉज’. (स्वतःच्या भाषेतही कोरियन लोक पॅसिव्हवर पॅसिव्ह चढवतात. ‘विसरलं जाणे’साठी इछिदा पुरेसं असताना इछ्यॉजिदा म्हणतात. शुद्ध भाषेचे आग्रही त्याला ‘इजुंग फिदोंग’, म्हणजे दुहेरी पॅसिव्ह, म्हणून चूक धरतात.)

आधी चाचणी

शिकवायला सुरुवात करण्याआधी पुढची आठ वाक्यं द्यावीत. क्रियापद मूळ रूपात ठेवायचं आणि विद्यार्थ्याने योग्य रूप लिहायचं. वेळ पाच मिनिटं, विचार करायला त्याहून जास्त देऊ नये.

१. द ॲक्सिडेंट … लास्ट नाइट. क्रियापद: हॅपन
२. धिस फोटो … इन २०१९. क्रियापद: टेक
३. अवर टीम … ऑफ फाइव्ह पीपल. क्रियापद: कन्सिस्ट
४. द ऑफिस … निअर द स्टेशन. क्रियापद: लोकेट
५. आय … ॲट द रिझल्ट. क्रियापद: सरप्राइज
६. माय फोन … फ्रॉम द डेस्क. क्रियापद: डिसअपिअर
७. ही … अ सेकंड चान्स बाय द जज. क्रियापद: गिव्ह
८. द ब्रिज … नाऊ. क्रियापद: रिपेअर

एकूण गुण मोजून काही कळत नाही. चूक कुठे झाली ते बघायचं. १, ३ आणि ६ मध्ये पॅसिव्ह घातला असेल तर अतिरेकाची सवय आहे. २, ४ आणि ५ मध्ये पॅसिव्ह गाळला असेल तर दुसरं दुखणं. सातवं चुकलं तर विद्यार्थी परीक्षेच्या क्लासमधली एक क्लृप्ती वापरतोय, तिच्याबद्दल पुढे. आठव्यात ‘इज रिपेअर्ड’ आलं तर फक्त ‘बीइंग’चा सराव हवा, बाकी डोकं ठीक आहे. दोन्ही प्रकारच्या चुका असतील तर, आणि बहुतेकांच्या असतात, आधी गाळण्याची चूक घ्यावी. ती लवकर सुटते आणि विद्यार्थ्याला हुरूप येतो.

‘धिस फोटो टुक’ कुठून येतं

कोरियनमध्ये हे वाक्य असं असतं: ‘ई साजिनुन जांग्न्यॉने च्चिगॉत्ता.’ शब्दशः ‘हा फोटो, गेल्या वर्षी काढला’. च्चिगॉत्ता हे पूर्णपणे ॲक्टिव्ह रूप आहे. काढणारा गाळलाय, आणि ‘उन’ हा प्रत्यय लावून फोटोला विषय म्हणून वाक्याच्या तोंडाशी आणलाय. म्हणजे इंग्रजी जे काम पॅसिव्हने करतं ते कोरियन नुसती जागा बदलून आणि कर्ता गाळून करतं. विद्यार्थी पहिल्या शब्दाला इंग्रजीतला कर्ता समजतो, क्रियापद ॲक्टिव्हच ठेवतो, आणि फोटोने काहीतरी घेतलं असं वाक्य तयार होतं.

उपाय साधा आहे, पण रोज करायला लागतो. विद्यार्थ्याने स्वतःच्या लेखनातल्या प्रत्येक वाक्याचा पहिला नाम-गट आणि क्रियापद अधोरेखित करायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: हे काम यानेच केलं का? फोटोने फोटो काढला का? इमारतीने बांधलं का? उत्तर ‘नाही’ आलं आणि क्रियापद सकर्मक असलं तर ‘बी’ हवा. हा सराव ओळखीच्या गोष्टींवर चांगला होतो. ‘ग्योंगबोकगुंग बिल्ट इन १३९५’ असं मुद्दाम चुकीचं लिहून द्यावं. राजवाड्याने काय बांधलं, असं विचारलं की हसू येतं आणि ‘वॉज बिल्ट’ आपोआप येतं. तसंच कोरियन लिपीबद्दल ‘हंगुल वॉज क्रिएटेड इन १४४३’, ‘हंगुल वॉज प्रोक्लेम्ड इन १४४६’, सोलच्या जुन्या वेशीबद्दल ‘सुंगन्येमुन वॉज डॅमेज्ड बाय फायर इन २००८’. या वाक्यांत कर्त्याची माहिती विद्यार्थ्याला आधीच असते, त्यामुळे डोकं फक्त रूपाकडे लागतं.

याच घरातली आणखी दोन क्रियापदं वेगळी पाठ करून घ्यावीत. थेऑनादा, म्हणजे जन्मणे, कोरियनमध्ये साधं अकर्मक आहे, म्हणून ‘आय बॉर्न इन बुसान’ येतं. विछीहादा, म्हणजे वसलेलं असणे, हादावालं, म्हणजे ‘करणे’वालं आहे, म्हणून ‘द ऑफिस लोकेट्स निअर द स्टेशन’ येतं. ‘वॉज बॉर्न’ आणि ‘इज लोकेटेड’ हे अख्खे तुकडेच लक्षात ठेवायचे. त्यांचं विश्लेषण करत बसण्यात अर्थ नाही.

एक वजा

आता मोठं दुखणं. ‘वॉज हॅपन्ड’, ‘वॉज डिसअपिअर्ड’, ‘इज कन्सिस्टेड ऑफ’, ‘इज बिलाँग्ड टू’, ‘वॉज रिमेन्ड’, ‘वॉज राइझन’. काहींचं कारण कोरियन शेवटात दिसतं: साराजिदाला जिदा आहे, ‘बनलेलं असणे’ म्हणजे कुसॉंगद्वेदाला द्वेदा आहे. पण सगळ्यांचं नाही. ‘घडणे’साठी बाल्सेंगद्वेदा म्हणतात तसं बाल्सेंगहादाही म्हणतात, आणि दुसरं रूप पॅसिव्ह नाही. तरी ‘वॉज हॅपन्ड’ येतंच. तिथे विद्यार्थ्याचा तर्क काम करतो: अपघाताने स्वतःहून काही केलं नाही, तो झाला, म्हणजे पॅसिव्ह. नुकताच शिकवलेला ‘हे काम यानेच केलं का’ हा प्रश्न इथे उलटा अंगावर येतो. म्हणून तो प्रश्न एकटा सोडू नये. त्याच्या आधी दुसरा प्रश्न लावावा: या क्रियापदाला किती नामं लागतात?

नियम असा: ॲक्टिव्हमध्ये क्रियापदानंतर जितकी नामं थेट येतात, मध्ये प्रिपोझिशन न घालता, त्यातून पॅसिव्हमध्ये एक वजा होतं. ते वजा झालेलं नाम कर्त्याच्या जागी जातं. ‘टेक’ला एक लागतं, वजा केलं की मागे काही उरत नाही: ‘द फोटो वॉज टेकन’. ‘गिव्ह’ला दोन लागतात, एक वजा केलं की एक उरतं: ‘ही वॉज गिव्हन अ चान्स’. ‘हॅपन’ला शून्य लागतात. शून्यातून वजा करता येत नाही, विषय संपला.

शून्यवाल्यांची यादी विद्यार्थ्याने भिंतीवर लावावी: हॅपन, अकर, अपिअर, डिसअपिअर, एक्झिस्ट, रिमेन, अराइव्ह, डाय, फॉल, राइज, लास्ट, सीम, कन्सिस्ट ऑफ, बिलाँग टू, रिझल्ट इन. पंधरा पुरेत. कोरियन विद्यार्थ्याच्या अतिरेकी पॅसिव्हच्या चुका बहुतांशी याच पंधरांत फिरतात. ‘कन्सिस्ट ऑफ’ शिकवताना लगेच ‘इज मेड अप ऑफ’ शेजारी ठेवावं. अर्थ तोच, पण एकात बी नाही, दुसऱ्यात आहे. कुसॉंगद्वेदा डोक्यात आलं की हात दुसऱ्याकडे वळला पाहिजे.

‘एक वजा’ परीक्षेतही कामाला येतं. कोरियात नोकरीसाठी टोइक ही परीक्षा सर्रास देतात. तिच्या वाचन विभागात ७५ मिनिटांत १०० प्रश्न असतात, त्यातले पहिले ३० एकेका वाक्यातल्या रिकाम्या जागेचे, आणि त्यात ॲक्टिव्ह की पॅसिव्ह हा नेहमीचा प्रश्न. क्लासमध्ये त्यासाठी शिकवतात ती क्लृप्ती अशी: रिकाम्या जागेनंतर कर्म दिसलं तर ॲक्टिव्ह, नसलं तर पॅसिव्ह. घाईत ती बऱ्याचदा चालते, म्हणून ती सोडवत नाही. पण ‘हॅपन’मागे कर्म नसतं, तरी पॅसिव्ह चूक. ‘वॉज गिव्हन अ सेकंड चान्स’मागे नाम आहे, तरी पॅसिव्ह बरोबर. ‘शी वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट’चं तसंच: ‘इलेक्ट हर प्रेसिडेंट’मध्ये दोन नामं, एक वजा, एक उरलं. क्लृप्ती मोडून काढू नये, तिच्या जागी ‘एक वजा’ बसवावं. वेळ तेवढाच लागतो.

पाकीट आणि हात

‘आय वॉज स्टोलन माय वॉलेट.’ हे वाक्य कोरियन विद्यार्थ्याला ऐकायला अगदी बरोबर वाटतं. कोरियनमध्ये चोरीला बळी पडणे यासाठी दोदुंगमात्ता आहे, आणि त्याच्यासोबत ‘पाकीट’ला कर्माचा प्रत्यय लागतो. ज्याचं नुकसान झालं तो माणूस वाक्याच्या तोंडाशी, हरवलेली वस्तू कर्म म्हणून शाबूत. कुत्रा हाताला चावला तरी तसंच: माणूस पुढे, ‘हात’ला कर्माचा प्रत्यय, शेवटी मुल्लिदा. त्यातून ‘ही वॉज बिटन हिज हँड’.

‘एक वजा’ लावून बघा. ‘स्टील’ला एकच नाम लागतं, पाकीट. ते वजा होऊन पुढे गेलं पाहिजे, पण वाक्यात ते मागेच बसलंय. म्हणजे चूक. तीन बरोबर पर्याय द्यावेत, आणि तिन्ही: ‘माय वॉलेट वॉज स्टोलन’, ‘आय हॅड माय वॉलेट स्टोलन’, ‘आय वॉज रॉब्ड’. तिसऱ्यात क्रियापदच बदललंय. ‘रॉब’चं कर्म माणूस असतो, ‘स्टील’चं वस्तू. कुत्र्याच्या बाबतीत ‘ही वॉज बिटन ऑन द हँड’. विद्यार्थ्याला माणूसच पुढे ठेवायचा असतो, कारण कोरियनमध्ये तसंच बोलतात. ‘हॅड … स्टोलन’ तेवढ्यासाठी सोन्यासारखं आहे. हेच रूप ‘आय हॅड माय हेअर कट’मध्येही येतं, फक्त तिथे माणसाने काम करवून घेतलेलं असतं. कोरियन माणूस तेव्हा ‘आय कट माय हेअर’ म्हणतो आणि समोरच्याला वाटतं, याने स्वतःच कात्री चालवली.

दार उघडतं की उघडलं जातं

आता एक कोरियन क्रियापद जरा जवळून बघू. योल्दा उघडणे, योल्लिदा उघडलं जाणे. ‘मुनी योल्ल्यॉत्ता’ म्हणजे दार उघडलं. इंग्रजीत याची दोन वाक्यं होतात: ‘द डोअर ओपन्ड’ आणि ‘द डोअर वॉज ओपन्ड’. पहिल्यात कोणी उघडलं याचा विचारच नाही, वाऱ्याने असो की आपोआप. दुसऱ्यात कोणीतरी आहे, फक्त नाव सांगितलं नाही. कोरियन विद्यार्थी कायम दुसरं निवडतो, कारण योल्लिदाला ‘री’ आहे. मराठी शिक्षकही इथे बेसावध राहतो, कारण आपलं ‘उघडणे’ दोन्हीकडे चालतं.

त्यात योल्लिदाचा तिसरा अर्थ ‘भरवलं जाणे, होणे’. कार्यक्रम, सभा, स्पर्धा सगळ्या योल्लिदा होतात. म्हणून १९८८ च्या सोल ऑलिंपिकबद्दल लिहायला सांगितलं की ‘द ऑलिंपिक्स वॉज ओपन्ड इन सोल’ येतं. हवं असतं ‘वेअर हेल्ड’. आणि चौथं: ‘हे दार नीट उघडत नाही’ यालाही योल्लिदाच. तिथे ‘धिस डोअर इज नॉट ओपन्ड वेल’ असं लिहून येतं, हवं ते ‘धिस डोअर वोंट ओपन’.

चारही अर्थांची चार वाक्यं एका कार्डवर लिहून द्यावीत. मग याच धर्तीवर इतर जोड्या: ‘पुस्तक चांगलं खपतं’ म्हणजे ‘सेल्स वेल’, ‘इज सोल्ड वेल’ नव्हे. लोकसंख्या वाढली म्हणजे ‘इन्क्रीज्ड’. कर वाढवला गेला म्हणजे ‘वॉज इन्क्रीज्ड’, कारण तिथे वाढवणारं कोणीतरी आहे. ओपन, क्लोज, ब्रेक, चेंज, बिगिन, इन्क्रीज, इम्प्रूव्ह, सेल ही दोन्हीकडे चालणारी क्रियापदं. त्यांना शून्याच्या यादीत टाकू नये, नाहीतर विद्यार्थी ‘वॉज चेंज्ड’सुद्धा चूक समजू लागतो.

बोइदा आणि ‘ऐकू येणे’साठीचं दुल्लिदा यांचा निकाल वेगळा. फोनवर ‘तुमचा आवाज येत नाही’ म्हणायचं असतं तेव्हा ‘यू आर नॉट हर्ड’ निघतं. या दोन क्रियापदांना इंग्रजीत ‘कॅन’ लागतो आणि माणूस कर्ता होतो: ‘आय कांट हिअर यू’, ‘आय कांट सी द स्क्रीन’. पाच-दहा वेळा मोठ्याने म्हणवून घेतलं की पुरे. आणि बोइदा ‘वाटणे’ अर्थाने आलं, जसं ‘दमलेला दिसतोस’, तर ‘यू लुक टायर्ड’. इथेही बी नाही.

उघडलेलं आणि उघडं

कोरियनमध्ये क्रियेनंतर टिकून राहिलेली स्थिती ‘इत्ता’ लावून सांगतात. योल्ल्यॉ इत्ता, उघडं आहे. दाछ्यॉ इत्ता, बंद आहे. दोन्हींत पॅसिव्ह धातू आहे, म्हणून ‘द शॉप इज ओपन्ड’ लिहिलं जातं. इंग्रजी इथे लहरी आहे: ‘इज ओपन’ पण ‘इज क्लोज्ड’. नियम शोधायला जाऊ नये, जोडीच पाठ करावी. पाटीवर ‘असं लिहिलंय’ हे मात्र दोन्ही भाषांत जुळतं: स्सुयॉ इत्ता, ‘इट इज रिटन’. अधूनमधून असं जुळणारं एखादं दाखवावं, नाहीतर विद्यार्थ्याचा कोरियनवरचा विश्वासच उडतो.

चालू असलेल्या कामाला कोरियनमध्ये सहसा नामानंतर ‘जुंग’ लावतात. ‘कोंगसा जुंग’, काम चालू आहे. ‘सुरी जुंग’, दुरुस्ती चालू आहे. क्रियापदाला पॅसिव्ह करायची वेळच येत नाही, म्हणून ‘बीइंग’ जिभेवर बसत नाही. या पाट्या वर्गात दाखवून प्रत्येकीची दोन इंग्रजी वाक्यं करून घ्यावीत: ‘इट इज अंडर रिपेअर’ आणि ‘इट इज बीइंग रिपेअर्ड’. पहिलं सोपं जातं, आणि त्याला धरून दुसरं येतं.

भावना

‘आय सरप्राइज्ड’, ‘आय डिसअपॉइंटेड’, ‘आय सॅटिस्फाइड विथ द सर्व्हिस’. नोल्लादा (दचकणे, आश्चर्य वाटणे), शिलमांगहादा (निराश होणे), मान्जोखादा (समाधानी होणे) ही कोरियनमध्ये अकर्मक आहेत, माणूस स्वतःच निराश होतो. इंग्रजीत ‘डिसअपॉइंट’ म्हणजे दुसऱ्याला निराश करणे. ही क्रियापदं शिकवताना अर्थच ‘करणे’ असा द्यावा: सरप्राइज, आश्चर्यचकित करणे, बोअर, कंटाळा आणणे, एक्साइट, उत्तेजित करणे. मग ‘मला आश्चर्य वाटलं’ला पॅसिव्ह का लागतो हे सांगावं लागत नाही. ‘आय ॲम बोअरिंग’ ही प्रसिद्ध चूकही याच वाटेने जाते: कंटाळा आणणारा तो ‘बोअरिंग’, ज्याला आला तो ‘बोअर्ड’. चिरुहादा हे कोरियन विशेषण कंटाळवाण्या सिनेमालाही चालतं आणि कंटाळलेल्या माणसालाही. घोळ होणारच.

जे पॅसिव्ह कोरियन माणूस वापरतच नाही

चुका दिसतात तरी. टाळाटाळ दिसत नाही. ‘आय वॉज टोल्ड’ हे कोरियन विद्यार्थ्याच्या तोंडून क्वचित येतं. तो ‘आय हर्ड’ म्हणतो. ‘आय वॉज गिव्हन’ऐवजी ‘आय रिसिव्हड’, कारण कोरियनमध्ये घेणाऱ्याला कर्ता करून ‘देणे’चा पॅसिव्ह करत नाहीत, बात्ता म्हणजे ‘मिळणे’ वापरतात. व्याकरण बिघडत नाही, पण इंग्रजी अवघडलेलं वाटतं, आणि ‘आय हर्ड आय शुड वेट’ने अर्थही सरकतो: सूचना मिळाली होती की नुसतं कानावर आलं होतं? पाच तुकडे पक्के करावेत: वॉज टोल्ड टू, वॉज आस्क्ट टू, वॉज गिव्हन, इज सपोज्ड टू, इज एक्स्पेक्टेड टू. रोज प्रत्येकाचं एक वाक्य, त्याच दिवशी खरंच घडलेलं. पंधरवड्यात ते बोलण्यात येऊ लागतात.

बाय

मच्छर चावला, याला कोरियनमध्ये मच्छराला ‘हान्थे’ लागतो. सजीव कर्त्याला हान्थे किंवा एगे, निर्जीवाला नुसतं ‘ए’. पण बात्तासोबत हान्थेचा अर्थ ‘कडून’ होतो, त्यामुळे ‘आय वॉज प्रेज्ड फ्रॉम माय टीचर’ हे हमखास ऐकू येतं. फ्रॉमच्या जागी बाय, एवढंच. लेखी कोरियनमध्ये ‘ए उइहे’ असतं, ते बरोबर ‘बाय’ला जुळतं, आणि म्हणूनच लेखनात बायचा पूर येतो: ‘बाय पीपल’, ‘बाय समवन’, ‘बाय मी’. लेख तपासताना बायनंतर सर्वनाम किंवा ‘पीपल’ दिसलं तर तो तुकडा खोडायचा. खोडून वाक्य अर्धवट वाटलं तर ते ॲक्टिव्हच करायचं. ‘बर्फाने झाकलेला’साठी ‘कव्हर्ड विथ’ किंवा ‘कव्हर्ड इन’, तिथे बाय नको.

कान आणि जीभ

कागदावर बरोबर लिहिणारा विद्यार्थी बोलताना तिसऱ्या रूपाचा शेवट खातो किंवा त्याला स्वर चिकटवतो. कोरियन शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं एकत्र उच्चारत नाहीत, आणि शेवटचा क, ट, प तोंडातच दाबून थांबवतात, हवा सोडत नाहीत. म्हणून ‘चेक्ट’चा शेवटचा ट ऐकू येत नाही, किंवा ‘आस्क्ट’चं ‘आसुखुदु’ होतं. ऐकतानाही तेच: ‘वॉज चेक्ट’ आणि ‘चेक’ यातला फरक कानात शिरत नाही, कारण पटकन बोलताना ‘वॉज’ही नुसता ‘वझ्’ होतो.

स्वराने सुरू होणारा शब्द पुढे जोडला की शेवट सुटतो: ‘चेक्ट इन’, ‘कॉल्ड ऑफ’, ‘मेड इन’. मागचं व्यंजन पुढच्या स्वरावर जाऊन बसतं, जे कोरियन उच्चारातही सहज होतं. आधी दहा असे जोड, मग त्याच क्रियापदांना ‘बाय’ आणि ‘टू’ जोडून. श्रुतलेखनासाठी दहा वाक्यं पुरेत, पाच ॲक्टिव्ह, पाच पॅसिव्ह, सरमिसळ. अख्खं वाक्य लिहून घ्यायची गरज नाही. फक्त बी ऐकू आला का आणि शेवट ट, ड की इड, एवढंच खुणेने नोंदवायचं.

सरावाची मांडणी

पहिले दोन आठवडे ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करून दाखवायचे रूपांतराचे प्रश्न पूर्ण बंद. त्यात विद्यार्थी हुशार असतो आणि त्यातून ‘निवड’ शिकली जात नाही. त्याऐवजी वही: प्रत्येक पानावर एक इंग्रजी क्रियापद, खाली कोरियन रूप आणि त्याचा शेवट, मग ‘किती नामं’ हा आकडा, शून्य, एक किंवा दोन, आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य. रोज सहा क्रियापदं, वीस मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात आकडा झाकून उलट तपासणी: शिक्षकाने कोरियन वाक्याचा अर्थ सांगायचा, विद्यार्थ्याने आधी फक्त आकडा सांगायचा आणि मगच इंग्रजी. आकडा सांगायला तो जिथे थबकतो ते पान दुमडून ठेवावं. चौथ्या आठवड्यात दीडशे शब्दांचा परिच्छेद, एखाद्या वास्तूच्या इतिहासावर, कारण तिथे ‘वॉज बिल्ट’ही येतं आणि ‘रिमेन्स’ही, ‘वॉज बर्न्ट डाउन’ही आणि ‘रीओपन्ड’ही. तपासताना क्रम असा ठेवावा: आधी शून्याच्या यादीतली क्रियापदं, मग तोंडाशी आलेलं नाम आणि ‘यानेच केलं का’, मग एक वजा, सगळ्यात शेवटी बाय. रूपाच्या चुका, ‘टुक’ की ‘टेकन’, या फेरीत लाल करू नयेत. त्या विद्यार्थ्याला स्वतःच सापडतात.